दक्षिण, पाण्याजवळ

आमच्या गावच्या देवीचा डावा डोळा एका नवमीला गेला. तो कोणत्या दिशेला गेला हे मी लाऊडस्पीकरवरून सांगितलं. पुढं तो सापडला, आणि मी सांगितलं होतं त्याच बाजूला सापडला. गावानं मला शाल-नारळ दिलं. पण मी सांगितलेलं चुकीचं होतं. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे मला अजून उमगलेलं नाही. उमगलं असतं तर इतके दिवस गप्प बसलो नसतो, असं मी स्वतःला सांगतो. तेही खरं की खोटं, ठाऊक नाही.

एका बाईचं नाव त्यात खराब झालं. माझी ऐंशी जवळ आली आहे. घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. बाभुळगाव तालुक्यातल्या तीन-चार गावांत नोकरी करून शेवटची चौदा वर्षं माझ्याच गावात काढली. ज्योतिष माझ्या घराण्यात नाही. सासरे पंचांग बघायचे, त्यांच्यामागं त्यांची पुस्तकं कोणी घेईना म्हणून ती मी घरी आणली. गणिताची आवड होती, रिकामा वेळ होता, वाचत गेलो. निवृत्त झाल्यावर पाडव्याला देवळात वर्षफल वाचायला गावानं मलाच बसवलं. नवरात्रात रोज सकाळी माइकवर तिथी, वार, नक्षत्र सांगायचं कामही माझ्याकडं आलं. पाऊस कसा, कापसाला दिवस कसे, कोणत्या नक्षत्राचं वाहन म्हैस आणि कोणत्याचं बेडूक, हे मी वाचायचो आणि लोक ऐकायचे. वर्गात चाळीस पोरं ऐकायची, इथं चारशे माणसं ऐकत होती. मला ते आवडत होतं. एवढं कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

हरवलेल्या वस्तूसाठीही लोक यायचे. पंचांगात त्याचं एक साधं कोष्टक असतं. सत्तावीस नक्षत्रांचे चार गट. काही आंधळी, काही मंद नजरेची, काही मध्यम, काही चांगल्या नजरेची. आंधळ्या नक्षत्रावर वस्तू गेली तर पूर्वेला जाते आणि लवकर सापडते. मंद नजरेच्या नक्षत्रावर गेली तर दक्षिणेला, आणि खटपट केली की सापडते. मध्यम असेल तर पश्चिमेला, नुसती बातमी लागते. चांगल्या नजरेच्या नक्षत्रावर गेली तर उत्तरेला जाते आणि परत मिळत नाही. एवढंच. कोणाचा बैल सुटला, कोणाची अंगठी पडली, मी कोष्टक बघून सांगायचो. कधी जमायचं, कधी नाही. न जमलेलं लोक विसरत आणि जमलेलं चार गावांत सांगत.

देवीचे डोळे चांदीचे. शेंदराच्या मूर्तीवर ते मेणानं चिकटवलेले असतात. त्या नवमीला सकाळी मी माइकवर नक्षत्र सांगितलं, उत्तराषाढा. दहाच्या सुमारास देवीला नवं लुगडं नेसवलं, जुने हार उतरवले, नवे घातले. तेव्हा दोन्ही डोळे होते, कारण नेसवायच्या आधी मी स्वतः हळदकुंकू लावलं होतं. नवे हार दाट होते, कपाळावरून गालापर्यंत आलेले. बाराच्या आरतीला कोणीतरी ओवाळताना हार सारला आणि ओरडलं. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता मेणाचा डाग होता.

देवळात एकदम कल्ला झाला. एक डोळा गेलेली देवी समोर बघून बाया रडायला लागल्या. कोणी म्हणे गावावर काहीतरी येणार. देवस्थानाचा अध्यक्ष, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कापसाच्या वावरांचा मालक आणि बोलायला मोकळाढाकळा माणूस, तो माणसांतून वाट काढत माझ्यापाशी आला.

"गुरुजी, तुमी हाय ना इथं! सांगा ना मंग कोणीकडं गेला ते."

"पंचांग घरी आहे," मी म्हणालो.

"तुमाले पंचांग कायले पायजे? सकाळी त सांगतलं तुमी. तोंडपाठ हाय तुमाले सारं."

मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजीच्या डोक्यातच छापलेलं हाय."

लोक हसले. माइक माझ्या हातात आला. घर पाच मिनिटांवर होतं. मी पाच मिनिटं मागून घेतली असती तर गावानं दिली असती. नाही मागितली. मी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं, मोजण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणालो, "उत्तराषाढा. मंद नजरेचं नक्षत्र. वस्तू दक्षिणेला गेली आहे. फार लांब नाही. पाण्याजवळ. खटपट केली तर सापडेल."

"पाण्याजवळ" हे कोष्टकात नाही. ते माझ्या तोंडून कसं आलं याचा मी खूप विचार केला आहे. नुसतं "दक्षिणेला" म्हटल्यावर लोक आणखी काहीतरी ऐकायच्या तयारीत माझ्याकडं बघत राहिले होते, म्हणून मी आणखी काहीतरी दिलं, असं मला वाटतं.

आमच्या गावाच्या दक्षिणेला नाला आहे. नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य वाहायचे. आता चार पिढ्या तिथंच शेती करतात, सोयाबीन आणि तूर आमच्यासारखीच पेरतात. दक्षिणेला दुसरं काही नाही. आणि देवळाची झाडलोट करणारी बाई त्याच तांड्यातली होती. ती त्या वेळी देवळाच्या पायरीशी खराटा घेऊन उभी होती.

मी तिच्याकडं बघितलं नाही. पण बाकीचे बघताहेत हे मला कळलं.

ती माझीच विद्यार्थिनी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. अक्षर वळणदार, पाढे पाठ, बोलणं रोखठोक.

"माह्याकडं काहून पाहून राह्यले सारे?" ती म्हणाली.

एवढ्यात कोणीतरी माझं बोलणं मोबाइलवर घेतलंही होतं. संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर फिरलं. वर लिहिलं होतं, "गुरुजींनी सांगितली चोराची दिशा". चोर हा शब्द मी उच्चारला नव्हता. पण खोडलाही नाही.

मी घरी आलो, जेवलो आणि सहज पंचांग उघडलं. नवमीच्या रकान्यात उत्तराषाढा होतं, त्याच्यापुढं वेळ होती. सकाळी नऊ वाजून काही मिनिटांपर्यंत. तिथून पुढं श्रवण. डोळा गेला दहानंतर. म्हणजे श्रवणावर गेला. श्रवण चांगल्या नजरेचं नक्षत्र. दिशा उत्तर, वस्तू मिळणार नाही.

नक्षत्राच्या नावापुढची वेळ वाचायची हे पंचांगातलं पहिलं पाऊल आहे. मी पोरांना बेरजेत हातचा विसरला म्हणून उभं करायचो.

बायको भांडी विसळत होती. तिला म्हटलं, "अगं, माझं चुकलं. नक्षत्र बदललं होतं."

"मंग जाऊन सांगा."

"आता? तिथं आता कोण आहे?"

"मघाशी सारं गाव होतं ना ऐकाले? अध्यक्षाच्या घरी जा. आताच्या आता."

मी चप्पल घातली. ओसरीपर्यंत गेलो. आणि तिथं मला उत्तर दिशा आठवली. उत्तरेला आमची आळी. अध्यक्षाचं घर, त्याच्या भावाचं, माझं. मी जाऊन काय सांगणार होतो? दक्षिण नव्हे, उत्तर, म्हणजे आपल्यापैकी कोणीतरी? मग लोक आमच्या पेट्या उघडणार होते का? नसते उघडल्या. हसले असते. दक्षिण म्हटल्यावर कोणी हसलं नाही, हे ओसरीवर उभं राहून माझ्या लक्षात आलं. मी चप्पल काढली आणि परत आत आलो. बायकोनं भांडी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आठ-दहा माणसं तांड्यात गेली. मी गेलो नाही, त्यामुळं हे ऐकलेलं आहे. त्यांनी तिची पेटी उपडी केली, ज्वारीची कोठी सांडली, चुलीमागची माती उकरली. तिची म्हातारी सासू त्यांच्या गोरबोलीत ओरडत होती आणि ती काय म्हणते ते आमच्या माणसांतल्या एकालाही समजत नव्हतं. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून ती सुटली असं झालं नाही. विकला असेल, असं ठरलं. देवळाचा खराटा दुसरीच्या हातात गेला.

त्याच वर्षी शाळेत पोरांची खिचडी शिजवायला बाई घ्यायची होती. तिनं अर्ज केला होता, आणि तिच्याइतकी नेटकी दुसरी कोणी नव्हती हे सगळे मानत होते. शाळा समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, देवीचा डोळा जिला पचला तिच्या हातचं पोरांना कसं घालायचं? अर्ज बाजूला पडला. त्यानंतर ती गावातून जाईनाशी झाली. तांड्यातून बसथांब्याला यायचा सरळ रस्ता देवळावरून, माझ्या घरावरून जातो. ती नाल्याच्या काठानं वळसा घालून जाऊ लागली. चिखलाच्या दिवसांतही.

अशी दोन वर्षं गेली. उन्हाळ्यात नाल्याच्या खोलीकरणाला जेसीबी आला. गाळ काठावर टाकताना त्यात नारळाच्या शेंड्या, कुजलेल्या हारांचे गठ्ठे निघाले, आणि एका गठ्ठ्यात दोऱ्याच्या गुंत्यात देवीचा डोळा. मागं मेण अजून चिकटलेलं.

ही गोष्ट खरं तर कोणालाही तिथल्या तिथं समजायला हवी होती. आमच्याकडं देवीचं निर्माल्य झाडणाऱ्या बाईच्या हाती देत नाहीत. ज्याच्या घरची त्या दिवशी आरती, त्यानंच ते टोपलीत भरून नाल्यात सोडायचं, अशी रीत आहे. तिनं नुसती जमीन झाडायची. देवीच्या अंगावरच्या फुलांना तिचा हात लागायचा नाही. नवमीची आरती अध्यक्षाच्या घरची होती. जुना हार उतरवताना डोळा मेणासकट त्यात आला, टोपलीत गेला, साडेदहाला अध्यक्ष ती टोपली नाल्यात रिकामी करून आला. चोरी झालीच नव्हती. शाळेत पोराची पेन्सिल हरवली की मी आधी त्याचंच दप्तर झाडायला लावायचो. त्या दिवशी देवळात मी एवढंच म्हणायला हवं होतं, की निर्माल्य बघा.

पण जेसीबीपाशी अध्यक्ष वेगळंच ओरडला.

"दक्षिण! पाण्याजवळ! खटपट केली की सापडन! अरे काय सांगतलं होतं गुरुजीनं?"

मला मोटारसायकलवर बसवून नाल्यावर नेलं. लोक पाया पडले. एक जण म्हणाला, "तिनं भेवानं इथीसा आणून पुरला असन." दुसरा म्हणाला, "असनच." आणि विषय संपला. म्हणजे डोळा सापडला तोही तिच्याच विरुद्ध गेला. संध्याकाळी देवळात मला शाल दिली. मी ती खांद्यावर घेतली. तिला फिनाइलच्या गोळ्यांचा वास येत होता. बोलायला सांगितलं तेव्हा "देवीची कृपा" असं काहीतरी बोललो.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. नक्षत्र मी चुकीचं धरलं, आणि वस्तू त्या चुकीच्या नक्षत्राच्या दिशेला होती. बरोबर वाचलं असतं तर उत्तर म्हणालो असतो, सापडणार नाही म्हणालो असतो, ते साफ खोटं ठरलं असतं. मग शास्त्र खोटं का? की शास्त्रानं माझ्या चुकीतून आपलं खरं करून घेतलं? की आमच्या गावातलं सगळंच निर्माल्य, सगळंच सांडपाणी दक्षिणेला उतारावर जातं, म्हणून काहीही हरवलं तर तिकडं सापडायची शक्यता जास्त? हे शेवटचं पटतं. पण लगेच मनात येतं, मग "पाण्याजवळ" कुठून आलं माझ्या तोंडी? मी सकाळी अध्यक्षाला टोपली घेऊन जाताना बघितलं होतं का? बघितलं असेल. आठवत नाही. आठवत नाही हे खरं आहे की मला आठवायचं नाही, तेही सांगता येत नाही.

आणि लोक येऊ लागले. राळेगावहून आले, कळंबहून आले, एक जण पार वणीकडून राजूरच्या खाणीवरून आला. त्याच्या खोलीतून कोणाचं तरी घड्याळ गेलं होतं आणि खोलीत चौघं राहत होते. "फक्त दिशा सांगा," तो म्हणाला, "पुढचं मी बघतो." त्याच्या त्या "पुढचं मी बघतो"नं मला तांड्यातली उपडी केलेली पेटी आठवली. मी सांगितलं, मला दिसत नाही, वय झालं. तो माझ्या पाया पडून गेला. नाही म्हटल्यावर माझं नाव आणखी मोठं झालं.

मागच्या माघात बायको म्हणाली, "अजी, तुमी त्या पोरीकडं जाणार हाय का नाही? का मी जाऊ?"

"जाऊन काय सांगू?"

"ते तुमचं तुमाले ठाऊक. मले फक्त शाल पेटीतून काढायची हाय. उघडली का तीच दिसते."

मी गेलो. नाला ओलांडून तांड्यात मी इतक्या वर्षांत किती वेळा गेलो होतो? शाळेत असताना पटनोंदणीला, आणखी एखाद्या वेळी. ती अंगणात तुरी झोडपत होती. मला बघून थांबली, पण काठी हातातच ठेवली.

"बसा," म्हणाली. खाट ओढून दिली. स्वतः बसली नाही.

मी सगळं सांगितलं. उत्तराषाढा, नऊ वाजून काही मिनिटं, श्रवण. मंद नजर, चांगली नजर. ती ऐकत होती. तुरीची एक शेंग बोटांत फोडत होती.

"म्हंजे दक्षिण नव्हती?"

"नव्हती. उत्तर होती."

"उत्तरेले कोणाचं घर हाय गुरजी?"

"माझं," म्हणालो. "आमच्या आळीतली सगळी."

ती हसली. खरंच हसली, मोठ्यानं. आत सासूला गोरबोलीत काहीतरी म्हणाली, आणि आतून म्हातारीही हसली. ती काय म्हणाली ते मला समजलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मग ती म्हणाली, "हे तुमी मले कायले सांगून राह्यले? म्या नाही नेला हे मले त पह्यल्या दिसापासून ठाऊक हाय. ज्याइले ठाऊक नाही त्याइले सांगा ना. भोंग्यावर सांगतलं होतं, भोंग्यावरच सांगा."

मी हो म्हणालो. ती पुन्हा तुरी झोडपायला लागली.

पाडव्याला वर्षफल वाचून झाल्यावर मी माइक खाली ठेवला नाही. पाठ केलं होतं तसं बोलायला लागलो. मी त्या नवमीला चुकीचं नक्षत्र धरलं. देवीचा डोळा कोणी चोरला नव्हता, तो निर्माल्यात गेला. त्या बाईवर विनाकारण आळ आला, आणि तो माझ्यामुळं आला.

पुढच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "पण सापडला त तुमी सांगतलं तिथंच ना?"

"सापडला, पण मी सांगितलं ते चुकून."

"चुकून सांगतलं आन बराबर निघालं. मंग जाणून सांगतलं असतं त काय झालं असतं!"

हशा झाला. मागून एक जण ओरडला, "गुरुजी, आत्ता वाचलेल्या पावसाचं कसं धरायचं मंग? तुमी म्हैस म्हणाले, आमी बेडूक समजावं का?"

अध्यक्ष उठला. तोही हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. "नवमीची टोपली म्याच नेलती गुरुजी. म्हंजे चोर म्या झालो ना?"

"चोर कोणीच नाही. मी तेच सांगतोय."

"तुमी नाव माहंच घेऊन राह्यले."

मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आरती कोणाची होती हेही बोललो नव्हतो. पण सगळे त्याच्याकडं बघत होते, जसे तेव्हा पायरीकडं बघत होते. मला वाटलं, मी माइक हातात घेतला की कोणाकडं तरी बघितलं जातंच. मी गोंधळलो. "तसं नाही, तसं नाही" म्हणत राहिलो, आणि तेवढ्यात कडुनिंबाचा प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

त्या दिवशीचं बोलणं कोणी ग्रुपवर टाकलं नाही. दोन दिवसांनी दुकानात ऐकलं ते असं, की गुरुजींचं मन मोठं, एका गरीब बाईला वाचवायला त्यांनी दोष स्वतःवर घेतला. म्हणजे दोष तिचाच राहिला. वर माझं मन मोठं झालं.

मे महिन्याच्या शेवटी ती स्वतः माझ्या घरी आली. देवळावरच्या रस्त्यानं आली. शाळेतली खिचडीची बाई लेकाकडं नागपूरला चालली होती आणि जागा पुन्हा निघाली होती.

"म्या अर्ज टाकला," ती ओसरीवर उभ्यानंच म्हणाली. "मंगळवारी बैठक हाय. मले कागदावर लेहून द्या."

बायकोनं तिला आत बोलावलं, पाट दिला, पाणी दिलं. मी दीड तास बसून दोन पानं लिहिली. तिनं ती बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली.

"गुरजी, यात माह्यं कुठी हाय?"

"हे काय, आहे की. ‘सदर प्रकरणी चोरी झाल्याचे दिसून येत नाही.’"

"हे नक्षत्र कायले पायजे समितीले? काढा. हे उत्तर-दक्षिण काढा. तुमी मले चौथीत म्हणत होते, पोरी, उत्तर एका वाक्यात लिही."

बायको आत तोंडाला पदर लावून हसली.

मी नवा कागद घेतला. ती सांगत गेली. देवीचा डोळा हिनं नेला नव्हता. तो निर्माल्यात गेला. मी काही न बघता बोललो.

"नजरचुकीनं बोललो, असं लिहू का?" मी विचारलं.

"नजरचूक कायची? तुमाले ठाऊक होतं ना दक्षिणेले तांडा हाय?"

"होतं."

"आन म्या पायरीवर उभी होती ते?"

मी पेन हातात धरून बसलो. इतकी वर्षं मी नक्षत्राच्या चुकीभोवती फिरत होतो. नऊ वाजून काही मिनिटं, उत्तराषाढा की श्रवण, शास्त्र खरं की खोटं. नक्षत्र बरोबर असतं आणि कोष्टकातून दक्षिणच निघाली असती, तरी मी तिथं ती मोठ्यानं सांगायला नको होती, हे तिला पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. मला होतं का? मला वाटतं, अर्धवट होतं. लिहिलं. "दक्षिणेला तांडा आहे आणि ही पायरीवर उभी आहे हे मला बोलताना ठाऊक होते." सही केली. तिनं घडी घातली नाही, ओली शाई पसरेल म्हणून कागद तसाच दोन्ही हातांत धरून नेला.

मंगळवारी मी बैठकीला गेलो आणि तो कागद वाचून दाखवला. अध्यक्ष समितीतही आहे. तो म्हणाला, "गुरुजी, हे तुमी लिहिलं का तिनं?"

"तिनं सांगितलं, मी लिहिलं."

त्यानं कागद मागून घेऊन पुन्हा वाचला. मग पोरांच्या आयांपैकी एक जण म्हणाली, "ठेवा ना बाप्पा तिले. तिच्या हाताले चव हाय. आणखी किती दिस तेच ते." हात वर झाले. अध्यक्षाचा अर्धा वर झाला, तो धरला की नाही कळलं नाही. पण तिला काम मिळालं.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी गेलो. पोरं व्हरांड्यात रांगेत बसली होती. पाच-सहा पोरांनी घरून डबे आणले होते, बहुतेक आमच्या आळीतली. त्यांच्या आयांना जाऊन सांगावं म्हणून मी दोनदा त्या घरांपर्यंत गेलो आणि परत आलो, कारण सांगताना मी कोण म्हणून सांगतोय हेच मला ठरवता येईना. चुकलेला ज्योतिषी म्हणून, की जुना मास्तर म्हणून? दोन्हीत ऐकणारे माझंच ऐकणार.

शाळेत वाढायच्या आधी मोठ्या कोणीतरी खिचडी चाखून बघायची असते. पुढच्या आठवड्यात एक दिवस मी स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी जाऊन तिला म्हणालो, "मी रोज येऊन चाखत जातो. सगळ्या पोरांसमोर. म्हणजे लोक बघतील."

ती मोठा डाव घेऊन ढवळत होती. वळली नाही.

"नोको गुरजी. मंग लोक म्हणतीन, गुरजीनं सांगतलं म्हणून खाऊन राह्यले. पोरायले भूक लागली का खातीन."

मी फाटकाबाहेर आलो आणि कुंपणापाशी थांबलो. ती पातेलं घेऊन बाहेर आली, रांगेत वाढत गेली. डबे किती आहेत ते मी मोजायला लागलो. आज चार होते की तीन, मला लांबून नीट दिसलं नाही.